हा उजेड कुणाचा?

ऑगस्ट 2017 मध्ये ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ हा व्हिडिओ गेम बाजारात आला आणि प्लेस्टेशन बाळगणाऱ्या कुठल्याही देशातल्या माणसाला घरबसल्या पश्चिम घाटात हिंडता येऊ लागलं. कॅलिफोर्नियातल्या नॉटी डॉग स्टुडिओने घाट फार देखणा उभा केला आहे. चिखलाच्या वाटा, उंचावरून कोसळणारे धबधबे, शेवाळ धरलेली होयसळ शिल्पं, पानांतून खाली उतरणारं ऊन. कथेच्या मध्यभागी गणपतीचा सुळा आहे, परशुरामाच्या परशूने तुटलेला. समुद्र मागे हटवून आपल्याला जमीन दिली ती याच परशुरामाने, असं कोकणात प्रत्येक पोर ऐकतं. तो अमेरिकन गेममध्ये भेटला की ऊर भरून येतो. खेळता खेळता बटण दाबलं की जग जागच्या जागी थबकतं, कॅमेरा मोकळा होतो आणि या घाटाचे हवे तितके फोटो काढता येतात.

त्या फोटोंत गाव मात्र येत नाही. कितीही हिंडा, डोंगरात नांदतं घर नाही, चुलीचा धूर नाही, गुरं राखणारा पोरगा नाही. माणसं म्हणून भेटतात ते बंदूकधारी. बेलूर आणि हळेबीड ही तिथे जंगलाने गिळलेली, जगाच्या विस्मरणात गेलेली नगरं आहेत. खऱ्या बेलूरमध्ये बाराव्या शतकातल्या चेन्नकेशवाची पूजा आजही चालते, देवळाभोवती बाजारपेठ आहे, लोकवस्ती आहे. बेलूर-हळेबीडची मंदिरं 2023 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. पण त्याआधीही कधी ती कुणी हरवली नव्हती.

या गेमबद्दल माझ्या मनात आकस नाही. ज्यांनी तो घडवला त्यांनी पाना-पानावर मेहनत घेतली आहे. पण त्यातला एक धडा मला फार मोलाचा वाटतो. गेममध्ये कॅमेरा आपल्या हातात असला, तरी फोटोत येतं ते कुणीतरी आधी पाहिलेलंच. ज्याला सह्याद्रीत गाव दिसलं नाही, त्याच्या सह्याद्रीत जगातला सर्वोत्तम फोटोग्राफर सोडला तरी त्याला गाव सापडणार नाही. म्हणून या नव्या कलेत फोटो काढणाऱ्याच्या आधी जग उभारणाऱ्याचा विचार करायला हवा. आणि मालवणच्या किनाऱ्यासारख्या मुलखाने फोटोचा विषय होण्यात समाधान मानू नये. त्याने जग उभारणाऱ्यांत जाऊन बसावं, असं मला कळकळीने वाटतं.

फोटो मोड म्हणजे काय, हे खेळणाऱ्यांना सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात: एरवी गेममधला कॅमेरा आपल्या पात्राच्या पाठीला बांधलेला असतो. फोटो मोडमध्ये वेळ गोठते आणि कॅमेरा सुटतो. लेन्स बदलता येते, ॲपर्चर उघडता येतं, मागचं धूसर करता येतं, एक्स्पोजर चढवता-उतरवता येतं. ‘ग्रॅन टुरिस्मो 4’ ने 2004 मध्ये गाड्यांसाठी ही सोय दिली. 2014 मध्ये ‘द लास्ट ऑफ अस’च्या सुधारित आवृत्तीत ती आली, आणि त्यानंतर मोठ्या गेममध्ये ती नसेल तर लोक मागू लागले. 2016 मध्ये एन्व्हिडिया कंपनीने अशा फोटोंसाठी खास साधन काढलं आणि त्याचं नाव ॲन्सेल ठेवलं, योसेमिटीच्या कड्यांचे कृष्णधवल फोटो घेणाऱ्या ॲन्सेल ॲडम्सवरून. व्हर्च्युअल फोटोग्राफी करणारे लोक आज स्वतःला बिनधास्त फोटोग्राफर म्हणवतात.

खऱ्या कॅमेऱ्याच्या लोकांना हे खपत नाही. तारकर्लीच्या ओल्या वाळूत पहाटे पोटावर पडून राहणाऱ्याचा प्रश्न रास्त आहे: लेन्सवर खारं पाणी उडत नाही, ढग हातचा जात नाही, समोरचा माणूस मान वळवून निघून जात नाही, मग यात काढलं काय? माझं उत्तर असं की चौकट निवडणं, थांबून राहणं, गर्दीतून नेमकी एक गोष्ट उचलणं हे दोन्हीकडे सारखंच आहे, आणि नजर तयार नसेल तर दोन्हीकडे फोटो फसतो. फरक आहे तो निराळ्या ठिकाणी, आणि तो एका युद्ध-छायाचित्रकाराने नेमका पकडला. इराक युद्धात काम केलेल्या ॲशली गिल्बर्टसनला 2014 मध्ये ‘टाइम’ने ‘द लास्ट ऑफ अस’च्या जगात फोटो काढायला धाडलं. हिंसा इतकी अंगावर आली की गेम त्याने दुसऱ्याच्या हाती दिला आणि आपण फक्त फोटो घेत राहिला. त्याला सगळ्यांत खटकलं ते हे, की मारताना-मरताना त्या पात्रांच्या चेहऱ्यावर त्या प्रसंगाला साजेशी वेदना उमटतच नव्हती. खऱ्या युद्धात तो चेहऱ्यांच्याच शोधात असायचा. इथे ते चेहरे कुणी घडवलेच नव्हते, मग कॅमेऱ्याने आणायचे कुठून?

उजेडाचंही तसंच. मे महिन्यात दुपारी बाराला जांभ्याच्या सड्यावर उभं राहिलं तर ऊन वरून पडतं, खालून परततं, आणि माणसाच्या हनुवटीखाली तांबूस झाक येते. चिवला किनाऱ्यावर संध्याकाळी पाणी आधी पितळी होतं, मग शिशासारखं. हा उजेड कुणाच्या मालकीचा नाही, कुणी ठरवलेला नाही. गेममध्ये मात्र सूर्य कुणीतरी टांगलेला असतो. तो किती अंशांवर असावा, धुकं किती दाट, सावलीत निळा किती मिसळायचा, हे एका माणसाने आठवडेच्या आठवडे खपून ठरवलेलं असतं. कॅमेरा मोकळा केल्यावर मुद्दाम भिंतीत घुसून मागच्या बाजूने पाहा. बऱ्याच गेममध्ये मागून भिंत दिसतच नाही, कारण जी बाजू खेळाडूला दिसायची नाही ती संगणक रंगवतच नाही. दूरचं झाड जवळ जाऊन पाहावं तर ते दोन-चार सपाट पट्ट्यांवर चिकटवलेलं चित्र निघतं. यात फसवणूक नाही. कुठे किती जीव ओतायचा याचा तो हिशेब आहे. गेममधला प्रत्येक फोटो या हिशेबाचा फोटो असतो.

मग फोटोखाली नाव कुणाचं? सध्या काढणाऱ्याचं असतं आणि फार तर गेमचं. ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’मधलं नोत्र-दाम कॅरोलिन मिउस या कलाकार स्त्रीने महिनोन् महिने खपून उभं केलं. 15 एप्रिल 2019 ला खरं नोत्र-दाम जळालं तेव्हा लोकांनी त्या गेममधले स्क्रीनशॉट जगभर फिरवले, कंपनीने गेम काही दिवस फुकट दिला आणि 5 लाख युरोंची देणगीही दिली. पण फिरणाऱ्या फोटोंखाली मिउसचं नाव क्वचितच दिसलं. शिवाय त्या फोटोंत दिसणारा उंच टोकदार मनोरा एकोणिसाव्या शतकातला आहे, गेम घडतो फ्रेंच राज्यक्रांतीत. लोकांना ओळखीचं वाटावं म्हणून तो तिथे ठेवला गेला. हा निर्णय कुणीतरी घेतला, त्याची कारणं होती, आणि फोटो पाहणाऱ्याला तो कळायला हवा. छापील पुस्तकात मुखपृष्ठाच्या चित्रकाराचं नाव देण्याची रीत आपण मराठीत नेटाने रुजवली. गेममधल्या फोटोखाली जग उभारणाऱ्याचं नाव देण्याची रीतही तशीच पाडावी लागेल.

अजस्र गेममध्ये ही नावं हजारांनी असतात आणि श्रेयनामावलीत वाहून जातात. म्हणून मला छोट्या, स्वतंत्र गेमकडे वळावंसं वाटतं. त्यांना इंडी म्हणतात; दोन, पाच, दहा माणसं, कुठल्या मोठ्या कंपनीचा हात डोक्यावर नाही. 2016 चा ‘फायरवॉच’ दहा-बारा जणांनी केला. ऑली मॉसची चित्रं आणि जेन एनजीने त्यांवरून उभं केलेलं वायोमिंगचं जंगल, एवढी जोडी लक्षात ठेवली की त्या गेमचा कुठलाही फोटो ओळखता येतो. त्यात नायकाला एक साधा रोलचा कॅमेरा सापडतो. मोजकेच फोटो निघतात, आणि संगणकावर खेळणाऱ्यांना ते कागदावर छापून पोस्टाने मागवण्याची सोय केली होती. फोटो काढण्यावर अशी मर्यादा घातली की माणूस आपसूक निवड करायला लागतो.

याहून पुढे गेला तो 2020 चा ‘उमुरांगी जनरेशन’. नफ्ताली फॉकनर हा माओरी कलाकार त्याच्यामागे आहे. ऑस्ट्रेलियातल्या 2019-20 च्या वणव्यांनी तो हादरला होता. गेम घडतो न्यूझीलंडमधल्या टौरांगात, संकटाच्या छायेत, आणि खेळाडूच्या हाती शस्त्राऐवजी कॅमेरा आहे. सांगितलेल्या गोष्टींचे फोटो काढायचे, एवढंच काम. ते करता करता शहराचं काय चाललं आहे हे भिंतींवरच्या रंगांतून, पहाऱ्यावरच्या सैनिकांतून, मित्रांच्या बसण्यावरून कळत जातं. कुणी भाषण देत नाही. 2021 मध्ये स्वतंत्र गेमच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. एका छोट्या समाजाच्या माणसाने आपल्या गावाकडे पाहिलं आणि ते पाहणं खेळणाऱ्याच्या हातात दिलं. मालवणच्या संदर्भात मला हाच गेम पुन्हा पुन्हा आठवतो.

कारण मालवणचे फोटो कमी नाहीत. 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हापासून ‘येवा, कोकण आपलोच आसा’ म्हणत आपण दारं उघडली आणि येणाऱ्या प्रत्येकाने कॅमेरा आणला. सिंधुदुर्ग किल्ल्याचा एक फोटो ठरून गेला आहे: ड्रोन वर, नागमोडी तट खाली, भोवती निळं पाणी. देवबागचा संगम, त्सुनामी आयलंडवरच्या जलक्रीडा, पाण्याखाली माशांच्या घोळक्यात अंगठा दाखवणारा पर्यटक. यातल्या एकाही चौकटीत जून ते सप्टेंबर नाही. पागोळ्या नाहीत, खळ्यात उन्हाची तिरीप आली की घाईने पसरलेली सुकट नाही, मुंबईच्या नातवंडांची वाट बघत कुलूप-किल्ली सांभाळणारी म्हातारी नाही. जिथे उत्पन्न आहे तिथेच कॅमेरा जातो, हे मी समजू शकतो. पण पुढच्या पिढीला जिल्हा म्हणून एवढंच उरलं, तर नॉटी डॉगला दोष देण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.

गेमने हे कसं बदलेल? एक रापण घ्या. पहाटे होडी जाळं घेऊन अर्धवर्तुळात जाते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि बायका-पुरुष दोन रांगांत मागे झुकून ते ओढू लागतात. रांगा हळूहळू एकमेकींजवळ सरकतात. तळवे सोलवटतात. शेवटी पाण्यात चंदेरी खळबळ दिसते, वर घारी, आणि मग वाटे पडतात. दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. पर्यटक याचा फोटो काढतो तो शेवटच्या दोन मिनिटांचा, बांगड्यांचा. गेममध्ये मात्र खेळाडूला आधी दोर ओढायला लावता येतं. फोटोसाठी हात सोडला तर रांग ढिली पडते आणि कुणीतरी “अरे, दोर धर!” म्हणून ओरडतं. कधी ओढायचं आणि कधी पाहायचं, हा निर्णय खेळाडूला घ्यावा लागतो. कुठलाही माहितीपट हे करू शकत नाही. आणि रात्री किनाऱ्यावर येऊन क्षितिजाकडे कॅमेरा वळवला तर पाण्यावर पांढरा झगझगाट दिसावा, एलईडी दिवे लावून मासे ओढणाऱ्या मोठ्या नौकांचा. या मासेमारीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली, तरी मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांना त्याविरुद्ध पुन्हा पुन्हा उभं राहावं लागलं आहे. हा उजेड कुणाचा, हा प्रश्न किनाऱ्यावर असा शब्दशः विचारला जातो.

आता आपल्याकडे असं काही झालं आहे का? शेजारी झालं आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी’ आणला. लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यावरही श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांनी तो तडीला नेला. त्यात राजस्थानी वास्तू आहेत, पहाडी चित्रांचे रंग आहेत, आणि कथेचे दुवे छाया-बाहुल्यांच्या रूपात येतात. गोव्यात अरमान संधू याने 2021 मध्ये ‘फरगॉटन फील्ड्स’ केला. गोव्याची छाया असलेल्या किनाऱ्यावरचं लहानपणीचं घर विकलं जाणार आहे, आणि लिहिता न येणारा एक लेखक तिथे शेवटचं जमायला निघाला आहे, एवढीच गोष्ट. बांद्यापलीकडचीच ही कथा. आपल्या प्रत्येक वाडीत असं एक घर आहे. गुजरातेत वापीजवळच्या चाला गावात ध्रुव जानी आणि सुशांत चक्रवर्ती यांचा स्टुडिओ ओलिओमिंगस वर्षानुवर्षं विलक्षण साहित्यिक गेम करतो आहे. त्यांचं काम लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या प्रदर्शनासाठी मागवलं गेलं. मोठं शहर लागतंच असं नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला नको.

‘राजी’तल्या छाया-बाहुल्या पाहताना मला कुडाळजवळचं पिंगुळी आठवतं. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छाया-बाहुल्या पिढ्यान् पिढ्या जपल्या. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथी म्हणजे एकेक चित्र पुढे धरायचं आणि गाऊन त्यातली कथा उलगडायची. कुठलं चित्र किती वेळ ठेवायचं, हे सांगणाऱ्याने समोरच्यांकडे बघून ठरवायचं. आणि सावंतवाडीची गंजिफा तर सरळसरळ खेळच. गोल पानं, हाताने रंगवलेली, लाखेने चकाकणारी. दशावतारी गंजिफेत 120 पानं, मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. या खेळाचा एक नियम मला थक्क करतो: डाव दिवसा मांडला तर सुरुवात रामाकडे, रात्री मांडला तर कृष्णाकडे. आकाशातल्या उजेडावर नियम बदलणारा खेळ आपल्या जिल्ह्यात जुनाच आहे. विसाव्या शतकात तो विझत आला तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्याने, शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, कारागिरांना राजवाड्यात बसवून तो पुन्हा पेटवला. आज मात्र बरेच लोक गंजिफा विकत घेतात ती काचेच्या चौकटीत टांगायला. खेळ खेळला गेला तरच तो टिकतो, आणि म्हणून मला या कलाकारांचं भवितव्य हस्तकलेच्या दुकानापेक्षा गेमच्या स्टुडिओत अधिक दिसतं.

पैशाचं काय, हा आक्षेप मी टाळणार नाही. बहुतेक छोटे गेम घातलेला पैसाही परत आणत नाहीत. गेम बनवायची गोडो आणि ब्लेंडर ही साधनं फुकट आहेत, पण दोन वर्षांचा भात-आमटीचा खर्च फुकट नसतो. शिकलेली पोरं मुंबई-पुण्याला जातात, हेही खरं. पण गाव सोडलेल्यांनी हे काम करू नये असं कुठे आहे? फिल क्रिफो आणि थिएरी बुरा हे दोघे न्यू कॅलेडोनियात वाढले, स्टुडिओ मॉन्ट्रियलला काढला, आणि 2023 मध्ये ‘चिया’ हा गेम आपल्या बेटांवर बेतून आणला. पात्रं फ्रेंचबरोबर द्रेहू भाषेत बोलतात, आवाज तिकडच्याच लोकांचे. आपले चाकरमानी गणपतीला येताना भजनाचा पेटी-तबला आणतात, शाळेला पंखे देतात, देवळाचा जीर्णोद्धार करतात. त्यांच्यातल्या संगणकात रुळलेल्यांनी एक गेम गावाला दिला तर ते त्याच परंपरेत बसेल.

आणि जमिनीला त्याचा काही उपयोग होतो का, असं विचाराल तर त्सुशिमा पाहा. 2020 चा ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ या गेममध्ये लोक लढाई सोडून फोटो काढत बसत. त्याच वर्षी सप्टेंबरात वादळाने खऱ्या त्सुशिमा बेटावरच्या वाताझुमी देवस्थानाची तोरी, म्हणजे प्रवेशकमान, पाडली. पुजाऱ्याने लोकांकडे 50 लाख येन मागितले. 2 कोटी 70 लाखांहून अधिक जमले, आणि त्यात गेममुळे बेटावर जीव जडलेले खूप जण होते. गेम बनवणारे अमेरिकनच होते. बाहेरच्यानेही जिव्हाळ्याने पाहिलं तर एवढं होतं. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने आपल्या किनाऱ्यावरची घरं, माड आणि होड्या मोडल्या तेव्हा देवबागच्या एखाद्या मांगराशी दूरदेशीच्या खेळाडूचं असं नातं असतं, तर मदत मागायला आवाज मोठा मिळाला असता.

जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातले बारा किल्ले, त्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्गही, युनेस्कोच्या यादीत गेले. आता किल्ल्यांवर भव्य गेम काढण्याच्या घोषणा होतील आणि त्यांना पैसाही मिळेल. होऊ देत. महाराजांच्या आरमाराची गोष्ट मोठ्या पडद्यावर शोभणारीच आहे. पण त्या पैशातला थोडा वाटा एका छोट्या गेमला मिळावा, अशी माझी मागणी आहे: एक वाडी, एक पावसाळा, मालवणीत बोलणारी माणसं, आणि खेळाडूच्या हातात चोवीस फोटोंचा रोल. कॅमेरा माणसाच्या उंचीवरच राहावा, ड्रोनसारखा वर जाऊ नये. चित्रं पिंगुळीच्या आणि सावंतवाडीच्या कलाकारांनी करावीत, नमुना म्हणून कुणी त्यांची नक्कल करू नये. त्यांना मजुरीऐवजी विक्रीतला हिस्सा द्यावा, रापणीत देतात तसा. आणि खेळाडूने फोटो बाहेर पाठवला की त्याच्या खालच्या कडेला, काढणाऱ्याच्या नावाशेजारी, ती भिंत रंगवणाऱ्याचं आणि तो उजेड लावणाऱ्याचं नाव गेमने आपणहून छापावं. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड काही नाही. कुठल्या वस्तूवर कुणी काम केलं ही नोंद स्टुडिओकडे असतेच.